रक्त परततानाचा घाव

नवीन पनवेल. इथला गृहस्थ प्रातिनिधिक आहे. असे घर सिडकोच्या कोणत्याही सेक्टरात सापडेल. त्याच्या हृदयात जे घडते, ते मात्र खरोखर असेच घडते.

पहाटे ४.३० (उरले ६ तास ५० मिनिटे)
छाती आवळल्यासारखी होऊन तो जागा होतो. हृदयाच्या धमनीतला मेदाचा थर फाटून त्यावर गुठळी बसली आहे. काही सेकंदांत तिथल्या स्नायूतला प्राणवायू संपतो, आकुंचन मंदावते, पेशींत आम्ल साचू लागते.

४.५५ (६ तास २५ मिनिटे)
"अहो, घामानं भिजलात. दवाखान्यात जाऊ या."
"ॲसिडिटी असेल गं. सोडा दे, उजाडल्यावर बघू."
एव्हाना स्नायूच्या सर्वांत आतल्या थरातील पेशी मरू लागल्या आहेत.

७.०० (४ तास २० मिनिटे)
मरणाची लाट आतून बाहेर सरकते आहे. रायमर आणि जेनिंग्ज यांनी १९७७ साली कुत्र्यांवरील प्रयोगांत ती दाखवून दिली. तग धरलेल्या पेशींत सोडियम आणि त्यामागून कॅल्शियम भरते आहे. सूक्ष्म रक्तवाहिन्यांचे अस्तर सुजते आहे.

९.०० (२ तास २० मिनिटे)
दुखणे किंचित कमी वाटते, म्हणून ओळखीच्या डॉक्टरांचा दवाखाना उघडण्याची वाट पाहिली जाते. १०८ला कोणीच फोन करत नाही.

१०.३० (५० मिनिटे)
रुग्णालय. ईसीजी, ॲस्पिरिन, कॅथलॅबची धावपळ. सहा तास गेले. २००८ साली 'लॅन्सेट'मध्ये आलेल्या, २०,४६८ भारतीय रुग्णांच्या 'क्रिएट' नोंदवहीत रुग्णालयात पोहोचण्याचा मध्यक काळ हाच होता: ३६० मिनिटे.

११.२०
बलून फुगतो, धमनी उघडते. पडद्यावर रक्त धावते आणि त्याच क्षणी दुसरा घाव बसतो. आम्ल झपाट्याने धुऊन निघते. त्याच आम्लाने आतापर्यंत पेशींच्या ऊर्जाकेंद्रांची, म्हणजे मायटोकाँड्रियाची, घातक छिद्रे मिटवून धरली होती. आता कॅल्शियमचा लोंढा आणि प्राणवायूचे विखारी रेणू ती उघडतात. श्वास धरून राहिलेल्या पेशी आखडून फुटतात.

११.२५
अस्तर नायट्रिक ऑक्साइड नीट बनवेनासे होते. त्यामुळे वाहिन्या सैलावत नाहीत आणि पांढऱ्या पेशी अस्तराला चिकटतात. मोठी धमनी मोकळी होऊनही केशवाहिन्या तुंबतात. स्नायूच्या काही भागाला रक्त मिळतच नाही.

जीव वाचतो, पण हृदय कायमचे दुबळे होते. प्राण्यांवरील प्रयोग सांगतात की अंतिम हानीचा निम्म्यापर्यंत वाटा या दुसऱ्या घावाचा असू शकतो. तरीही धमनी उघडायलाच हवी. ती बंद राहिली तर तो सगळा भागच मरतो.

हा घाव थोपवण्याचे प्रयत्न कसोशीने झाले. सायक्लोस्पोरिन हे औषध २०१५ साली मोठ्या चाचणीत निष्फळ ठरले. दंडावर पट्टा आवळून-सोडून हृदयाला सावध करण्याचा उपाय पाच हजारांहून अधिक रुग्णांवर तपासला गेला. २०१९ साली त्याचाही लाभ दिसला नाही. रोजच्या उपचारांत वापरावे असे खात्रीचे औषध अजून हाती नाही.

म्हणून हृदय आणि त्याच्या वाहिन्यांचे अस्तर वाचवण्याचा सर्वांत भरवशाचा मार्ग म्हणजे उपासमारीचा काळ आखूड करणे. धमनी जितकी लवकर उघडेल, तितके दोन्ही घाव हलके. छातीत दाब, घाम, डाव्या हाताकडे किंवा जबड्याकडे जाणारी कळ जाणवली, तर ॲसिडिटीचा तर्क लढवू नका. १०८ फिरवा आणि रुग्णालयात पोहोचताच दहा मिनिटांत ईसीजी काढायला लावा. हा निर्णय घरातच, पहिल्या पाच मिनिटांत व्हायला हवा.