तगरच्या गाडीवाटेवरची फटफटी

इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका ग्रीकभाषक व्यापाऱ्याने तांबड्या समुद्रापासून भारताच्या किनाऱ्यापर्यंतच्या बंदरांची आणि मालाची माहिती लिहून ठेवली. ‘पेरिप्लस’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या त्या पुस्तकात दख्खनच्या दोन मोठ्या बाजारपेठा येतात, पैठण आणि तगर. भडोचहून पैठण वीस दिवसांच्या वाटेवर, आणि पैठणहून पूर्वेला आणखी दहा दिवसांवर तगर. तगरचं जाडंभरडं कापड आणि तलम मलमल गाड्यांत भरून भडोचला जाई. वाटेत धड रस्ताच नसलेले मोठाले मुलूख लागत, हेही त्याने नोंदवलं आहे. हे तगर म्हणजे धाराशिव जिल्ह्यातलं, तेरणेच्या काठचं तेर, हे जे. एफ. फ्लीट यांनी १९०१ साली मांडलं, आणि पुढे तेरच्या टेकाडांमधून निघालेल्या वस्तूंनी त्याला बळ दिलं.

पैठण ते तेर हे अंतर सरळ रेषेत मोजलं तर दीडशे किलोमीटरच्या आसपास भरतं. म्हणजे दिवसाला पंधरा-वीस किलोमीटर. आज तेरचा एखादा पोरगा तेवढं अंतर पंधरा-वीस मिनिटांत कापतो.

बैलाच्या चालीने चालणाऱ्या प्रवासाचं एक शास्त्र होतं आणि ते पिढ्यान्‌पिढ्या हातोहात पुढे गेलं. एकट्यादुकट्याने निघायचं नाही. लमाणांचे तांडे मीठ आणि धान्य लादून मराठवाड्यातून फिरत, तेही जथ्याने. उतारावर गाडी थांबली की चाकाला उटी लावायची. आसाला वंगण घातल्याशिवाय बाहेर पडायचं नाही. रात्री जायची वेळ आलीच तर गाडीखाली कंदील टांगायचा. तो उजेड गाडीवानाला वाट दाखवायला फारसा कामाचा नसे, पण पुढे गाडी आहे हे मागून येणाऱ्याला कळे. यातलं काहीही कुणी वर्गात शिकवलं नाही. पोरगं बापाशेजारी बसून कासरा धरायला शिके, आणि एकट्याच्या हाती गाडी येईपर्यंत त्याला मिसरूड फुटलेलं असे.

फटफटीच्या बाबतीत नेमकं हेच घडलं नाही. सुरुवातीला राजदूत, येझदी नाहीतर बुलेट गावात एखाद्याकडेच असायची. १९७२ साली लुना आली, मग बजाजच्या एम-८० वर दुधाचे कॅन लटकू लागले. १९८५ साली हिरो होंडाची सीडी १०० बाजारात आली आणि कमी पेट्रोलमध्ये लांब जाणारी गाडी शेतकऱ्याच्या आवाक्यात आली. धाराशिव जिल्ह्याच्या एमएच-२५ च्या पाट्या वस्तीवस्तीवर दिसू लागल्या. बैलगाडीच्या ज्ञानाला शेकडो वर्षं मिळाली होती. इथे वेग आला तो एका पिढीत, आणि ज्यांनी शिकवायचं ते स्वतःच नवशिके होते.

त्यामुळे जे शिकवलं गेलं त्यात अर्धवट ज्ञान बरंच होतं. ‘पुढचा ब्रेक दाबू नको, पलटी खाशील’ हा सल्ला गावोगावच्या पोरांनी ऐकलेला आहे. तो उगाच जन्मला नाही. खडी-मुरमाच्या रस्त्यावर पुढचं चाक ब्रेकने अडलं की घसरतंच, आणि त्या काळी रस्ते तसलेच होते. पुढे डांबर आलं, डिस्कब्रेक आले, पण सल्ला तोच राहिला. ब्रेक लागताच गाडीचा भार पुढे सरकतो, मागचं चाक हलकं होतं आणि थांबवण्याची मुख्य ताकद पुढच्या चाकात येते. कोरड्या डांबरावर दोन्ही ब्रेक एकत्र, पुढचा हळूहळू दाब वाढवत लावायचा, ही सवय रिकाम्या रस्त्यावर मुद्दाम मुरवावी लागते. ऐनवेळी हात जुन्या सवयीनेच चालतो. ताशी साठच्या वेगात गाडी एका सेकंदात सोळा-सतरा मीटर जाते, आणि दचकून ब्रेकपर्यंत पोचण्यातच तो सेकंद संपतो. एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीपर्यंतच्या नव्या गाड्यांना निदान दोन्ही चाकांना एकत्र लागणारा जोडब्रेक आणि त्यावरच्या गाड्यांना चाक जाम होऊ न देणारं एबीएस सक्तीचं झालं, ते यासाठीच.

कायद्याने इथल्या माणसाच्या सवयी ओळखून केलेली एक गोष्ट मात्र मनापासून आवडण्यासारखी आहे. १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतला १२३ वा नियम मागच्या स्वाराला धरायला आधार, पाय ठेवायला जागा आणि मागचं चाक निदान अर्धं झाकणारं आवरण मागतो. आपण त्याला साडीगार्ड म्हणतो. एका अंगाला बसलेल्या बाईचा पदर चाकात जाऊ नये म्हणून असलेली ही जाळी कित्येक पोरं ‘लूक’साठी काढून टाकतात आणि त्याच गाडीवर आईला डबल सीट नेतात.

हेल्मेटचा इतिहास मराठवाड्यापासून फार लांब सुरू होतो. १९३५ साली ‘लॉरेन्स ऑफ अरेबिया’ म्हणून गाजलेला टी. ई. लॉरेन्स मोटारसायकलच्या अपघातात डोक्याला मार लागून गेला. त्याच्यावर उपचार करणाऱ्यांपैकी ह्यू केर्न्स या मेंदूच्या शल्यविशारदाने पुढे लष्करी मोटारसायकलस्वारांच्या मृत्यूंचा अभ्यास केला आणि १९४१ साली तो प्रसिद्ध केला. ब्रिटिश सैन्यात हेल्मेट सक्तीचं झालं. आपल्याकडे १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या कलम १२९ ने ते बंधनकारक केलं. तरीही केंद्र सरकारच्या आकडेवारीनुसार २०२२ मध्ये रस्त्यावर मेलेल्या १ लाख ६८ हजार माणसांपैकी सुमारे ४४ टक्के दुचाकीवरची होती, आणि हेल्मेट न घातलेले ५० हजारांवर. ‘इथल्या इथं तर जायचंय’ म्हणून हेल्मेट घरच्या खुंटीवर राहतं. पण तेर ते जवळचं ढोकी हा रोजच्या सरावाचा रस्तासुद्धा डांबरीच असतो आणि डोकं तेच असतं.

ढोकीला तेरणा साखर कारखाना उभा राहिला आणि इथल्या रस्त्यांना उसाचा हंगाम लागला. बैलगाडीखालचा कंदील इथे फार आठवतो. एका ट्रॅक्टरमागे दोन-दोन ट्रॉल्या, ऊस बाजूंनी बाहेर आलेला, मागे दिवा नाही, रिफ्लेक्टर असला तर वाढ्यांआड झाकलेला. समोरून येणाऱ्या गाडीचा प्रखर झोत डोळ्यांवर पडला की ती ट्रॉली दुचाकीस्वाराला अगदी जवळ जाईपर्यंत दिसत नाही. नव्या पोराने अशा वेळी समोरच्या दिव्याकडे बघायचं नाही, डाव्या कडेवर नजर ठेवून वेग लगेच उतरवायचा. आपल्या उजेडात जितका रस्ता दिसतो तितक्यात थांबता येईल एवढाच वेग धरायचा. त्याआधी सोयाबीनची काढणी असते. डांबरावर रास पसरलेली असते आणि दाण्यांवर टायर घसरतो. पावसाळ्यात ट्रॅक्टर काळ्या रानातला चिखल रस्त्यावर आणून टाकतात. अशा जागी ब्रेक आधी, सरळ रस्त्यावरच उरकायचा, आणि चिखलावरून किंवा दाण्यांवरून जाताना हँडल सरळ ठेवायचं.

तेरला गोरोबाकाकांच्या, म्हणजे संत गोरा कुंभारांच्या, मडकी ठोकायच्या थापटण्याची कथा लहान पोरालाही ठाऊक असते. संतांच्या मेळ्यात त्यांनी एकेकाच्या डोक्यावर थापटणं मारून पाहिलं आणि नामदेवांना कच्चं मडकं ठरवलं. नामदेव दुखावले, पण नंतर विसोबा खेचरांकडे शिकायला गेले. गाडी चालवणाऱ्या पोराची अशी पारख मात्र होत नाही. आरटीओच्या मैदानात ‘आठ’ काढला की परवाना मिळतो. त्यात वळण आणि तोल तपासला जातो. रात्रीची ट्रॉली, सोयाबीनची रास, साठच्या वेगातला ब्रेक यांची परीक्षा तिथे होत नाही. ती उणीव घरच्या जाणत्याने भरून काढायची आहे. पहिले काही महिने पोराला मागे बसवून आधी रस्ता वाचायला शिकवावं, मग हँडल हाती द्यावं. आणि ट्रॉलीवाल्याने मोळी भरली की मागचा रिफ्लेक्टर फडक्याने पुसून उसाच्या बाहेर बांधावा. कारखान्याच्या गेटवर वजनकाट्याआधी तो तपासणं अवघड नाही.