प्रत आणि परवानगी

वाङ्मयेतिहास लिहिणाऱ्याला सर्वांत आधी लागते ती प्रत. अन्वयार्थ, मतभेद, मूल्यमापन हे सारे नंतरचे. महानुभावांच्या पोथ्या मठामठांतून जपल्या गेल्या म्हणून यादवकालीन मराठी गद्य आपल्यापर्यंत पोहोचले. इतिहासाचार्य राजवाडे गावोगाव हिंडले ते घरोघरच्या दप्तरांसाठी. एका प्रतीला वाळवी लागली तरी दुसरी कुणाच्या तरी माळ्यावर सापडेल, या भरवशावरच आपली पाठचिकित्सा उभी आहे. गेल्या पंचवीस वर्षांत मोठ्या तंत्रज्ञान कंपन्यांनी चित्रपट, मालिका, खेळ आणि पुस्तके यांच्या क्षेत्रात जी झुंज मांडली, तिचा इतिहास सहसा नफ्यातोट्याच्या अंगाने सांगितला जातो. आम्हांला तो या प्रतीच्या अंगाने पाहावासा वाटतो.

या इतिहासाचा आरंभ वस्तूपासून होतो. १९९७ साली स्थापन झालेली नेटफ्लिक्स ही कंपनी टपालाने डीव्हीडी भाड्याने देत असे. सोनी आणि मायक्रोसॉफ्ट यांच्यात खेळांच्या यंत्रांवरून चुरस लागली, तेव्हाही खेळ तबकडीवर मिळे. तो मित्राला देता येई, जुन्या बाजारात विकता येई. मायक्रोसॉफ्टने २००१ मध्ये एक्सबॉक्स बाजारात आणला आणि पुढच्याच वर्षी वर्गणी घेऊन खेळाडूंना परस्परांशी जोडणारी सेवा सुरू केली. २००६ मध्ये गूगलने १६५ कोटी डॉलर किमतीला यूट्यूब घेतले. २००७ मध्ये नेटफ्लिक्सने चित्रपट थेट संगणकाच्या पडद्यावर दाखवायला प्रारंभ केला. त्याच वर्षी ॲमेझॉनचे किंडल आले. वस्तू हळूहळू मागे पडली आणि प्रवेश विकला जाऊ लागला. नेटफ्लिक्सने टपालाने डीव्हीडी धाडण्याचे काम सप्टेंबर २०२३ मध्ये कायमचे थांबवले, तेव्हा त्याची फारशी कुणी दखलही घेतली नाही.

या झुंजीतील बहुतेक बड्या कंपन्यांचा मूळ धंदा कलाकृतींचा नाही, ही गोष्ट ध्यानात घेतल्याशिवाय पुढचे कळत नाही. गूगल जगते जाहिरातींवर, ॲपल मुख्यत्वे उपकरणांवर, ॲमेझॉन दुकानदारीवर आणि संगणक-सेवांवर. चित्रपट किंवा खेळ हे त्यांच्या लेखी गिऱ्हाईक दाराशी आणण्याचे आणि दाराआड ठेवण्याचे साधन. म्हणूनच ॲमेझॉन २०२२ मध्ये ८४५ कोटी डॉलर मोजून एमजीएम हा जुना चित्रपट-स्टुडिओ घेऊ शकते आणि मायक्रोसॉफ्ट २०२३ मध्ये ॲक्टिव्हिजन ब्लिझर्डचा ६,८७० कोटी डॉलरांचा व्यवहार पुरा करू शकते. मात्र साधन म्हणून जे जवळ केले, ते हिशेब बदलताच दूरही करता येते.

गूगलची 'स्टेडिया' ही सेवा याचे बोलके उदाहरण आहे. नोव्हेंबर २०१९ मध्ये ती सुरू झाली. यंत्र विकत घेण्याची गरज नाही, खेळ गूगलच्या संगणकांवर चालेल आणि तुमच्या पडद्यावर केवळ चित्र उमटेल, ही तिची कल्पना. फेब्रुवारी २०२१ मध्ये गूगलने खेळ घडवणारी स्वतःची दालने बंद केली आणि १८ जानेवारी २०२३ रोजी सेवाच मिटवली. विकलेल्या खेळांचे पैसे कंपनीने परत केले, हे मान्य केले पाहिजे. परंतु 'आउटकास्टर्स'सारखा केवळ स्टेडियासाठीच घडवलेला खेळ त्या दिवसानंतर उरला नाही. त्याची तबकडी कुणाच्या कपाटात असणे शक्यच नव्हते.

पुस्तकांच्या बाबतीत हेच आधी घडून गेले होते. जुलै २००९ मध्ये ॲमेझॉनने वाचकांच्या किंडलवरून ऑर्वेलच्या '१९८४' आणि 'ॲनिमल फार्म' यांच्या काही प्रती दुरूनच पुसून टाकल्या. विकणाऱ्याकडे हक्क नव्हते, हे कारण खरे होते. कंपनीने पुढे क्षमाही मागितली. पण छापील पुस्तकाचा विक्रेता वाचकाच्या घरात शिरून पुस्तक उचलून नेऊ शकत नाही, हा भेद त्या दिवशी स्पष्ट झाला. २०१९ मध्ये मायक्रोसॉफ्टने आपले ई-पुस्तकांचे दुकान बंद केले आणि विकलेली पुस्तके वाचकांच्या हातून गेली. येथेही पैसे परत मिळाले. ज्यांनी पुस्तकांवर टिपणे केली होती त्यांना २५ डॉलर अधिक देण्यात आले. वाचकाच्या समासातील नोंदींना एवढ्या उघडपणे भाव ठरवून दिल्याचे दुसरे उदाहरण आम्हांला आठवत नाही.

यावर एक आक्षेप रास्त आहे. जुन्या व्यवस्थेत तरी सारे कोठे टिकले? 'आलम आरा' या १९३१ च्या पहिल्या भारतीय बोलपटाची एकही प्रत आज उपलब्ध नाही. २००३ साली पुण्यात लागलेल्या आगीत जुन्या नायट्रेट फिती खाक झाल्या. शिवाय चैतन्य ताम्हाणे यांचा 'द डिसायपल' हा मराठी चित्रपट २०२१ मध्ये नेटफ्लिक्सवर आला आणि एरवी जो कधीच त्याच्यापर्यंत पोहोचला नसता, अशा परदेशी प्रेक्षकाने तो पाहिला. हा लाभ आम्ही नाकारीत नाही. फरक एवढाच, की आग हा अपघात होता. आता नाहीसे होणे हा निर्णय असतो. डिस्नेने 'क्रेटर' हा चित्रपट मे २०२३ मध्ये आपल्या सेवेवर आणला आणि सुमारे सात आठवड्यांत काढून घेतला. फीत जळाली नव्हती. हिशेब बदलला होता.

आपल्याकडची कथाही निराळी नाही. २०२२ च्या लिलावात आयपीएलचे भारतातील डिजिटल हक्क व्हायकॉम१८ ने घेतले आणि २०२३ मध्ये जिओसिनेमाने सामने फुकट दाखवले. प्रतिस्पर्धी हॉटस्टारला त्याची झळ लागली. २०२४ मध्ये दोन्ही घराण्यांचे विलीनीकरण झाले, फेब्रुवारी २०२५ मध्ये जिओहॉटस्टार अवतरले आणि त्या हंगामात प्रेक्षकांकडे वर्गणी मागितली गेली. फुकटपणा हा औदार्याचा नव्हे, लढाईचा भाग होता.

कॅलिफोर्नियात जानेवारी २०२५ पासून एक कायदा लागू आहे. डिजिटल वस्तू 'विकत घ्या' असे म्हणताना प्रत्यक्षात केवळ परवाना मिळतो, हे विक्रेत्याने स्पष्ट सांगावे लागते. निदान शब्दांचा प्रामाणिकपणा तरी आला. परंतु परवान्याची नीट ओळख करून दिली, तरी त्याची प्रत होत नाही.

आपल्या देशाने १९५४ मध्ये एक शहाणपणाचा कायदा केला. त्याने प्रत्येक प्रकाशित पुस्तकाची प्रत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला आणि चेन्नई, मुंबई व दिल्ली येथील एकेका सार्वजनिक ग्रंथालयाला धाडणे प्रकाशकावर बंधनकारक केले. पुस्तक चांगले की वाईट, ते खपले की नाही, हे त्या कायद्याने विचारले नाही. ते झाले, एवढेच पुरेसे मानले. केवळ वर्गणीच्या दाराआड प्रदर्शित होणाऱ्या मराठी मालिका, चित्रपट आणि खेळ यांच्यासाठी असे बंधन आज नाही. उद्या एखाद्या विद्यार्थ्याने या दशकातील मराठी वेबमालिकांवर प्रबंध लिहायचे ठरवले, तर त्याचे पहिले प्रकरण कंपन्यांच्या मर्जीवर अवलंबून राहील. या झुंजीत कोण जिंकेल हे बाजार ठरवील. तिच्यातून निर्माण झालेले काय उरावे, हे मात्र बाजारावर सोपवता येणार नाही. चित्रपटांसाठी १९६४ पासून पुण्यात संग्रहालय आहे; कायद्याने प्रत मागण्याचा अधिकार त्याच्या हाती देणे, ही आमच्या मते पहिली पायरी ठरावी.