वाय-फायचा गजबजलेला पट्टा

घरातले वाय-फाय रेंगाळू लागले की दोष बहुधा इंटरनेट पुरवणाऱ्याला दिला जातो. पण पुष्कळदा दुखण्याचे मूळ 1947 सालात सापडते. त्या वर्षी अटलांटिक सिटी येथील आंतरराष्ट्रीय दूरसंचार परिषदेत 2.4 गिगाहर्ट्‌झच्या आसपासचा पट्टा उद्योग, विज्ञान आणि वैद्यक यांतील उपकरणांना दिला गेला. संदेशवहनाच्या दृष्टीने ही जवळजवळ पडीक जमीनच. स्वयंपाकघरातला मायक्रोवेव्ह आजही याच पट्ट्यात अन्न तापवतो आणि चालू असेपर्यंत वाय-फायला छळतो. 1985 मध्ये अमेरिकेच्या दूरसंचार आयोगाने येथे विनापरवाना संदेशवहनाची वाट मोकळी केली. 1997 चे वाय-फायचे पहिले मानक, 802.11, सेकंदाला जेमतेम 2 मेगाबिट वेगाचे होते. 1999 मध्ये तो 11 वर गेला आणि वाय-फाय घराघरांत शिरले. भारतात हा पट्टा 2005 मध्ये परवानामुक्त झाला.

फुकटच्या जागेत गर्दी व्हायचीच. चॅनेल 5 मेगाहर्ट्‌झच्या अंतराने आखलेले, तर प्रत्येक राउटरला सुमारे 20 मेगाहर्ट्‌झ लागतात; म्हणून आकडे 13 दिसले तरी एकमेकांना न भिडणारे 1, 6 आणि 11 हे नेहमीचे तीनच. शेजारचा राउटर 6 वर असताना घरचा 4 वर ठेवणे शहाणपणाचे वाटते, पण ते घातकच. एकाच चॅनेलवरचे राउटर एकमेकांचे ऐकून पाळीपाळीने बोलतात. अर्धवट भिडणाऱ्यांना दुसऱ्याचे बोलणे नुसता गोंगाट वाटते. 5 गिगाहर्ट्‌झचा पट्टा ऐसपैस आहे, मात्र त्याच्या लहरी भिंतींपुढे लवकर थकतात. जाड भिंतींच्या घरात राउटर कोपऱ्यातून मधल्या खोलीत आणावा लागतो.