नाव, गाव आणि पास

स्टीफन फ्रिअर्स यांच्या ‘डर्टी प्रिटी थिंग्ज’ (2002) या चित्रपटात लंडनच्या एका हॉटेलात रात्रपाळी करणाऱ्या ओक्वेला तुंबलेल्या शौचालयात माणसाचे हृदय सापडते. ओक्वे नायजेरियाचा, मूळचा डॉक्टर. मात्र इंग्लंडात राहण्याचा परवाना त्याच्याजवळ नाही. हॉटेलचा व्यवस्थापक बिनकागदी माणसांची मूत्रपिंडे काढवून घेतो आणि मोबदल्यात खोटी पारपत्रे देतो, हे त्याला पुढे कळते. हा चित्रपट आम्ही पदवीच्या विद्यार्थ्यांना दाखवला, तेव्हा एकाने विचारले, “सर, हा सरळ पोलिसांत का जात नाही?” आम्ही परदेशी नागरिकांच्या कायद्याविषयी काहीबाही सांगून वेळ मारून नेली. खरे उत्तर आम्हाला पुढे बीबीजवळ मिळाले.

बीबी हे बुलडाणा जिल्ह्याच्या लोणार तालुक्यातले, मेहकरहून सिंदखेडराजाकडे जाणाऱ्या रस्त्यावरचे गाव. तिथून जवळच्या एका शिवारात पारध्यांची चार-सहा पाले पडली होती. त्यातल्या एका म्हाताऱ्याच्या दोन बकऱ्या रात्रीतून चोरीला गेल्या होत्या. तक्रार दिली का, असे विचारताच तो आमच्याकडे पाहतच राहिला. “द्याले गेलो त आधी नाव इचारतीन, मंग गाव. गाव कोन्तं सांगू?”

या प्रश्नाला इतिहास आहे. 1853 च्या तहाने वऱ्हाड निजामाकडून कंपनीच्या कारभाराखाली आला. 1902 साली तो कायमच्या पट्ट्याने इंग्रजांकडे राहिला. कागदोपत्री मुलूख निजामाचा, अंमल इंग्रजांचा. या भागाच्या दक्षिणेला, थोड्याच अंतरावर, मोगलाई सुरू होई, ती थेट 1948 पर्यंत. शिकारीमागे आणि पोटामागे फिरणाऱ्यांच्या वाटा या हद्दीपेक्षा जुन्या. हद्द मागाहून आली, आणि ती ओलांडणारा मात्र संशयित ठरला. वऱ्हाडच्या पोलीस खात्यातल्या मेजर गन्थॉर्प याने 1882 साली मुंबई इलाखा, वऱ्हाड व मध्य प्रांतातल्या ‘गुन्हेगार जमातीं’वर एक पुस्तकच प्रसिद्ध केले. रसेल आणि रायबहादूर हिरालाल यांच्या 1916 च्या ग्रंथात पारध्यांच्या नोंदीखाली वऱ्हाडातले टाकणकार येतात. गावोगाव हिंडून जात्यांना टाकी लावणारे हे लोक. ज्याच्या हातून आपले जाते दळते झाले, त्याच्यावरच रात्री पहारा ठेवायचा, अशी ही व्यवस्था. (आमच्या आजीच्या पिढीला या टाकीवाल्याची आरोळी चांगली ठाऊक होती, त्याचे नाव विचारल्याचे मात्र कोणालाच आठवत नाही.)

गुन्हेगार जमातींचा कायदा 1871 चा. आधी तो उत्तर हिंदुस्थानापुरता होता. 1911 च्या नव्या कायद्याने त्याची कक्षा ब्रिटिश हिंदुस्थानभर गेली. एखादी जमात गुन्हेगार असल्याची अधिसूचना निघाली, की तिच्या वैधतेवर कोणत्याही न्यायालयाने प्रश्न उपस्थित करायचा नाही. मग नावनोंदणी, हजेरी आणि पास. नेमून दिलेल्या हद्दीबाहेर पासाशिवाय सापडलेल्या माणसाला पोलिसाने किंवा गावच्या चौकीदारानेही वॉरंटाशिवाय पकडावे. 1911 च्या कायद्यात बोटांचे ठसे आले, आणि ठरावीक गुन्ह्यांत तिसऱ्यांदा दोषी ठरल्यास जन्मठेप काळ्या पाण्याची.

या कायद्याने माणसांना जन्मतः चोर ठरवले, असे आपण नेहमी म्हणतो. ते खरेच आहे. पण आम्हाला त्याहून मोठी वाटते ती दुसरी हानी. या कायद्याने त्यांचे फिर्यादीपण काढून घेतले. ज्याच्या असण्याचीच हजेरी घेतली जाते, त्याने ‘माझी चोरी झाली’ असे कोणत्या तोंडाने सांगावे? लंडनच्या ओक्वेची अडचण हीच आहे. गुन्ह्याचा साक्षीदार होण्याआधी त्याला स्वतःच्या तिथे असण्याचा जाब द्यावा लागेल. व्यवस्थापकाचा धंदा चालतो तो एवढ्याच भरवशावर.

31 ऑगस्ट 1952 रोजी हा कायदा रद्द झाला. सराईत गुन्हेगारांचे कायदे त्याच्या जागी आले, त्यांच्याविषयी इथे लिहीत नाही; तो स्वतंत्र लेखाचा विषय आहे. आम्हाला अधिक बोचतो तो दाखल्यांचा नियम. महाराष्ट्रात फासेपारधी अनुसूचित जमातींत, तर पाल पारधी आणि राज पारधी विमुक्त जातींत. पहिल्यांनी 6 सप्टेंबर 1950 पूर्वीच्या, दुसऱ्यांनी 21 नोव्हेंबर 1961 पूर्वीच्या वास्तव्याचा पुरावा द्यायचा. शाळेचा दाखला, जमिनीचा उतारा, गावच्या नोंदी, असे काहीतरी. आजोबाला एका गावी तीन रात्रींहून अधिक कोणी टिकू दिले नाही, आणि नातवाने त्या आजोबाचे गाव सिद्ध करायचे. अनेक घरांत त्या काळातला लेखी उल्लेख सापडलाच, तर तो पोलिसांच्या वहीत सापडेल.

लक्ष्मण माने यांनी 1980 साली आपल्या आत्मकथनाला ‘उपरा’ हे नाव दिले, तेव्हा मराठी वाचक दचकला होता. परदेशी गेलेल्याला उपरा म्हणणे आपल्याला सवयीचे होते. बिऱ्हाड गाढवाच्या पाठीवर घालून आपल्याच तालुक्यातून जाणाऱ्याला तो शब्द लावण्याची सवय नव्हती. चित्रपटाच्या अखेरीस ओक्वे विमानतळावरून घरी फोन करतो. तिकडे मुलगी त्याची वाट पाहत असते. त्याला परत जायला देश आहे.

बीबीजवळच्या त्या पालांकडे आम्ही महिनाभराने पुन्हा गेलो. तिथे तीन दगडांची चूल आणि राख तेवढी होती. कुठे गेले, हे शेजारच्या शेतकऱ्याला सांगता आले नाही. बकऱ्यांचे त्याने ऐकलेही नव्हते.