गर्दीची नोंद

सप्टेंबर 2011. बेंगळुरूच्या विजयनगर पोलीस ठाण्यात एका स्त्रीने नवऱ्याविरुद्ध मारहाणीची आणि जिवे मारण्याच्या धमकीची तक्रार दिली. नवरा म्हणजे कन्नड चित्रपटांचा आघाडीचा नायक दर्शन तूगुदीप. 9 सप्टेंबरला त्याला अटक झाली. तो आरोपी असलेल्या 2024च्या खून प्रकरणावर लिहिणारे बहुतेक जण त्या वर्षीच्या जून महिन्यापासून सुरुवात करतात. मला ती 13 वर्षांपूर्वीच्या या तक्रारीपासून करणे भाग वाटते, कारण जूनमध्ये पोलीस ठाण्याबाहेर जमलेली त्याच्या चाहत्यांची गर्दी घडली ती या पहिल्या प्रकरणात.

तेव्हाचे कागद क्रमाने लावले तर चार नोंदी पुढे येतात. पहिली, तक्रारदार पत्नीने थोड्याच दिवसांत जबाब फिरवला. जखमा न्हाणीघरात पडल्यामुळे झाल्या, असे ती सांगू लागली. दुसरी, खालच्या न्यायालयाने हा बदललेला जबाब मानला नाही आणि जामीन नाकारला. तिसरी नोंद चित्रपट निर्मात्यांच्या संघटनेची आहे. या भांडणाचे मूळ म्हणून जिच्याकडे बोट दाखवले गेले त्या अभिनेत्री निकिता ठुकरालवर संघटनेने तीन वर्षांची बंदी घातली. आरोपी कोठडीत, तक्रारदार रुग्णालयात, आणि शिक्षा मात्र तिसऱ्याच व्यक्तीला, तीही तिची बाजू न ऐकता. देशभरातून टीका झाल्यावर बंदी मागे घेतली गेली, हे खरे. पण संघटनेला पहिल्या झटक्यात काय सुचले, ते कागदावर राहिले. ज्याच्यावर आरोप होता त्याच्याबद्दल असा कुठलाही ठराव झाला नाही.

चौथी नोंद तिकीट खिडकीची. 30 सप्टेंबर 2011 रोजी, नायक न्यायालयीन कोठडीत असताना, त्याचा ‘सारथी’ प्रदर्शित झाला. दिग्दर्शक त्याचाच भाऊ दिनकर. चित्रपटगृहांबाहेर रांगा लागल्या आणि चित्रपट त्या वर्षीच्या मोठ्या यशांत गणला गेला. 7 ऑक्टोबरला उच्च न्यायालयाने जामीन दिला. पुढच्याच वर्षी ‘क्रांतिवीर संगोळ्ळी रायण्णा’ आला आणि त्यातल्या भूमिकेसाठी राज्य सरकारचा सर्वोत्कृष्ट अभिनेत्याचा पुरस्कारही त्याला मिळाला. 2021मध्ये कर्नाटकाच्या कृषी खात्याने त्याला आपला सदिच्छादूत नेमले. विजयनगरची तक्रार तोवर घरगुती भांडण म्हणून मिटलेली होती. ती तशी मिटवण्यात चित्रपटसृष्टी, प्रेक्षक आणि सरकार या तिघांचा हात लागला.

कर्नाटकात नट आणि चाहते यांचे नाते जुने आणि खोल आहे. डॉ. राजकुमार आपल्या चाहत्यांना देव म्हणत. गावोगावच्या चाहता संघांनी त्या काळात भाषेची आंदोलनेही लढवली. दर्शन त्याच परंपरेतला, पण एका पिढीनंतरचा. खलनायकाच्या भूमिकांमुळे ओळखल्या जाणाऱ्या तूगुदीप श्रीनिवास यांचा हा मुलगा पडद्यामागे दिवाबत्तीची कामे करत वर आला, 2002च्या ‘मॅजेस्टिक’ने नायक झाला आणि कष्टकरी तरुणांना तो आपल्यातला वाटला. चाहत्यांना तो ‘माझे सेलिब्रिटी’ म्हणतो. 2023मध्ये त्याने हे शब्द छातीवर गोंदवून घेतले. ते त्याला ‘डी बॉस’ म्हणतात. ही माया खोटी आहे असे मी म्हणणार नाही. रिक्षाच्या मागे त्याचे चित्र लावणारा चालक कुणाच्या पैशासाठी ते लावत नाही.

म्हणूनच जून 2024मध्ये जे झाले ते नीट पाहायला हवे. 9 जूनला सुमनहळ्ळीजवळ गटारीच्या कडेला एक मृतदेह सापडला. तो चित्रदुर्गच्या रेणुकास्वामीचा होता. वय 33, औषधांच्या दुकानात नोकरी, घरी आईवडील आणि गरोदर पत्नी. आधी काही जण आपणहून पोलिसांपुढे आले आणि पैशांच्या वादातून आपणच मारले असे म्हणाले. पोलिसांना ते पटले नाही. दर्शनची मैत्रीण पवित्रा गौडा हिला रेणुकास्वामीने समाजमाध्यमावरून अश्लील संदेश पाठवले होते, त्या रागातून त्याला चित्रदुर्गहून उचलून बेंगळुरूच्या पट्टणगेरे भागातल्या एका शेडमध्ये आणले आणि तिथे मारहाणीत त्याचा जीव गेला, असा पोलिसांचा आरोप आहे. 11 जूनला म्हैसूरमध्ये दर्शनला अटक झाली. एकूण आरोपी 17. सप्टेंबरात दाखल झालेले आरोपपत्र 3,991 पानांचे आहे. हा सारा अजून आरोप आहे, न्यायालयाने दोष ठरवलेला नाही. पुढचे सगळे हे लक्षात ठेवूनच वाचावे.

आरोपींना अन्नपूर्णेश्वरीनगर पोलीस ठाण्यात ठेवले होते. बाहेर घोषणा देणाऱ्या चाहत्यांची इतकी दाटी झाली की ठाण्याभोवती शामियान्याच्या कनाती लावाव्या लागल्या आणि परिसरात जमावबंदीचा हुकूम निघाला. एका पोलीस ठाण्याला रोजचे काम करण्यासाठी मांडवाचा आडोसा लागावा, हे त्या दिवसांच्या छायाचित्रांत स्पष्ट दिसते. तिकडे चित्रदुर्गात त्याच सुमाराला वेगळे मोर्चे निघत होते, मेलेल्याला न्याय मागणारे. दोन्हीकडे माणसे कन्नडच बोलणारी, चित्रपटही बहुधा तेच पाहणारी. म्हणून ‘कन्नड प्रेक्षक आंधळा आहे’ हे सरसकट वाक्य मला मान्य नाही.

चित्रपटसृष्टीतही 2011पेक्षा फरक पडला होता. कर्नाटक चित्रपट वाणिज्य मंडळाचे पदाधिकारी चित्रदुर्गला रेणुकास्वामीच्या घरी गेले आणि त्यांनी कुटुंबाला आर्थिक मदत दिली. सुदीपसारख्या मोठ्या नटाने त्या कुटुंबाला न्याय मिळावा असे उघड म्हटले. तेरा वर्षांपूर्वी एका अभिनेत्रीवर बंदी घालणाऱ्या वर्तुळातून हे घडले, याची नोंद मला महत्त्वाची वाटते.

परप्पन अग्रहारच्या कारागृहात दर्शनला 6106 हा क्रमांक मिळाला. काही दिवसांत तो क्रमांक गाड्यांवर रंगवला गेला, अंगावर गोंदवला गेला. एका तान्ह्या मुलाला कैद्याचे पांढरे कपडे घालून, त्यावर 6106 लिहून, त्याचे छायाचित्र काढून फिरवण्यात आले. राज्याच्या बालहक्क आयोगाला त्याची दखल घ्यावी लागली. या छायाचित्राशी मी बराच वेळ अडखळतो. मुलाला नटाचे नाव ठेवणारे आईबाप आपण पाहिले आहेत. इथे मुलाला नटाचा तुरुंग नेसवला होता. ज्याच्या मरणाचा तो खटला, त्याचे मूल तेव्हा अजून जन्मायचे होते. ते ऑक्टोबरात जन्मले.

मग 25 ऑगस्टला ते दुसरे छायाचित्र आले. कारागृहाच्या आवारातल्या हिरवळीवर खुर्ची, एका हातात सिगारेट, दुसऱ्या हातात कप, आणि शेजारी एक नामचीन गुंड. कारागृहाच्या सात जणांना तातडीने निलंबित केले गेले, नंतर आणखी काहींना. न्यायालयाच्या परवानगीने दर्शनला बळ्ळारीला हलवण्याचे ठरले. 29 ऑगस्टच्या पहाटे पोलिसांची वाहने निघाली ती तुमकुरू-चित्रदुर्गाकडच्या रस्त्याने गेली नाहीत. उत्तरेला देवनहळ्ळीवरून जाणारा महामार्ग धरून, आंध्रातल्या अनंतपूरमार्गे ती बळ्ळारीला पोचली. नकाशा पाहिला की ही निवड बोलू लागते. दुसरी वाट मृताच्या जिल्ह्यातून जात होती. एका कच्च्या कैद्याला नेताना राज्याची वाहने शेजारच्या राज्यातून गेली. दुसऱ्याच दिवशी, 30 ऑगस्टला, त्याचा जुना ‘करिया’ पुन्हा पडद्यावर लागला आणि मागडी रस्त्यावरच्या प्रसन्न चित्रपटगृहाबाहेर चाहत्यांनी घातलेल्या धिंगाण्यावर पोलिसांनी लाठी उगारली.

मराठी वाचकाला यात पुण्याचे येरवडा कारागृह आठवणे साहजिक आहे. 21 मार्च 2013 रोजी सर्वोच्च न्यायालयाने शस्त्र कायद्याखालची अभिनेता संजय दत्तची शिक्षा कायम केली, सहाऐवजी पाच वर्षे केली. दीड वर्ष भोगून झाले होते, साडेतीन उरले होते. निकालाच्या दिवसापासून माफीची मागणी सुरू झाली; त्यात वृत्तपत्र परिषदेचे तेव्हाचे अध्यक्ष आणि माजी न्यायमूर्ती मार्कंडेय काटजू होते. त्याच निकालात सत्तरीच्या घरातल्या जैबुन्निसा काझी यांचीही पाच वर्षांची शिक्षा कायम झाली होती. दत्तच्या घरून हललेली काही शस्त्रे त्यांच्या घरी ठेवली गेली, हा त्यांच्यावरचा ठपका. काटजूंनी त्यांच्यासाठीही माफी मागितली, हे त्यांच्या बाजूने लिहून ठेवले पाहिजे. पण दत्तसाठी हळहळणाऱ्या बाकीच्या आवाजांत ते नाव क्वचितच ऐकू आले. सप्टेंबर 2015मध्ये राज्यपालांनी दत्तसाठीचा अर्ज फेटाळला. 25 फेब्रुवारी 2016 रोजी, शिक्षेत सूट मिळून, दत्त बाहेर आला आणि भेंडीबाजारातल्या नूर मोहम्मदी हॉटेलात त्याच्या नावाचा कोंबडीचा पदार्थ दिवसभर फुकट वाढला गेला. ज्या स्फोटांच्या खटल्यातून ही शिक्षा आली, मुंबईतल्या 12 मार्च 1993च्या त्या स्फोटांत 257 माणसे गेली होती. त्यांच्यातले एक नाव तरी किती वाचकांना आठवते?

पण मुंबई आणि बेंगळुरू यांत एक फरक आहे आणि तो मला निर्णायक वाटतो. दत्तच्या बाबतीत लोकप्रियता माफीच्या अर्जात आली. दर्शनच्या बाबतीत ती जामीन रद्द करण्याच्या कारणांत आली.

क्रम असा. ऑक्टोबर 2024च्या अखेरीस मणक्याच्या आजारावर शस्त्रक्रिया हवी म्हणून दर्शनला सहा आठवड्यांचा तात्पुरता जामीन मिळाला. 13 डिसेंबरला कर्नाटक उच्च न्यायालयाने त्याच्यासह सात आरोपींना नियमित जामीन दिला. अटकेची कारणे वेळेवर लेखी दिली नाहीत, हा त्यातला एक मुख्य मुद्दा होता. राज्य सरकार सर्वोच्च न्यायालयात गेले. 14 ऑगस्ट 2025 रोजी न्या. जे. बी. पारडीवाला आणि न्या. आर. महादेवन यांच्या खंडपीठाने सातही जामीन रद्द केले. निकालपत्र मुळातून वाचण्यासारखे आहे. कारणे लेखी देण्यातल्या त्रुटीने आरोपींचे खरोखर नुकसान झाल्याचे दिसत नाही; जामिनाच्या टप्प्यावर उच्च न्यायालयाने पुरावा जणू निकाली काढल्यासारखा तोलला; ज्या शस्त्रक्रियेसाठी सवलत दिली ती झालीच नाही. हे मुद्दे कायद्याचे नेहमीचे. त्यापुढे न्यायालय आरोपीच्या प्रसिद्धीकडे वळते. बाहेर आल्यावर आरोपी फिर्यादी पक्षाच्या साक्षीदारांसोबत समारंभात दिसला, तुरुंगातही त्याला खास वागणूक मिळाली, अशा माणसाचा साक्षीपुराव्यावर दबाव पडण्याची भीती जास्त, म्हणून प्रसिद्धी ही सवलतीचे कारण होऊ शकत नाही, असा त्या भागाचा आशय आहे. तुरुंगात पुन्हा अशी बडदास्त दिसली तर अधीक्षकाला आधी निलंबित केले जाईल, अशी तंबी मिळाली आणि निकालाची प्रत देशातल्या सगळ्या कारागृह अधीक्षकांना पाठवण्याचा आदेश झाला. दर्शन त्याच दिवशी पुन्हा कोठडीत गेला.

म्हणजे चाहत्यांनी जे प्रेम म्हणून दाखवले ते अखेर त्याच्याच विरोधात कामाला आले. घोषणा, क्रमांक, गर्दी यांनी आरोपीची मदत होते असे मानणाऱ्याने हे निकालपत्र एकदा जरूर वाचावे.

त्या निकालाच्या काही आठवडे आधी आणखी एक गोष्ट घडली, आणि सगळ्या कागदांत मला सर्वात अस्वस्थ करते ती हीच. सर्वोच्च न्यायालयातल्या सुनावणीची बातमी देऊन अभिनेत्री आणि माजी खासदार रम्या हिने समाजमाध्यमावर लिहिले की रेणुकास्वामीच्या कुटुंबाला न्याय मिळण्याची आशा वाटते. 2006मध्ये ‘दत्ता’त ती दर्शनची नायिका होती. दर्शनच्या चाहत्यांच्या नावाने चालणाऱ्या खात्यांवरून तिला अश्लील शिव्या आणि बलात्काराच्या धमक्या आल्या. जुलैच्या अखेरीस तिने पोलीस आयुक्तांकडे 43 खात्यांची तक्रार दिली, राज्य महिला आयोगाने दखल घेतली आणि अटका झाल्या.

यात गर्दीचा सगळा युक्तिवाद ढासळतो. दर्शनने काही केले असेल तर एका स्त्रीच्या अब्रूसाठी केले, असे जून 2024पासून पुन्हापुन्हा सांगितले जात होते. रेणुकास्वामीने पाठवलेले संदेश घाणेरडे होते असे पोलीसही म्हणतात. तो गुन्हा होता आणि त्यासाठी पोलीस ठाणे होते. वर्षभराने अब्रूचे तेच राखणदार दुसऱ्या एका स्त्रीला तसलेच संदेश पाठवत होते. रम्याने पोलीस ठाण्याचा रस्ता धरला. 2011मध्ये निकिता, आणि आता ही. नट अडचणीत आला की राग काढायला एक बाई शोधायची, ही सवय 14 वर्षांत गेलेली नाही. बदलले ते एवढेच की आता पोलीस अशी तक्रार घेतात आणि माणसे पकडतात.

3 नोव्हेंबर 2025 रोजी बेंगळुरूच्या सत्र न्यायालयात आरोपनिश्चितीसाठी आरोपींना उभे केले. दालन इतके भरले की ज्यांचा खटल्याशी संबंध नाही त्यांनी बाहेर जावे, असे न्यायाधीशांना सांगावे लागले. त्यानंतर आरोप वाचले गेले. दर्शनसह आरोपींनी ते नाकारले, आणि खटला साक्षीपुराव्याकडे सरकला. डिसेंबरात, नायक तुरुंगात असतानाच, त्याचा ‘द डेव्हिल’ प्रदर्शित झाला.