वाटमारीचा तपास



परतवाड्याहून सेमाडोह, हरिसाल करीत मी काल धारणीला आलो. मोटारीत शेजारी बसलेल्या गृहस्थांनी व्याख्यानाचा विषय विचारला. मी 'वाटमारी' म्हणताच ते खिडकीबाहेरच्या जंगलाकडे पाहू लागले. यात जंगलाचा काही दोष नाही. मी सांगणार आहे त्या वाटमाऱ्या बहुधा राजरस्त्यावर, गावालगतच्या आमराईत झाल्या.

आपल्या मेळघाटातला गाविलगड १८०३ च्या डिसेंबरात इंग्रजांनी घेतला. पुढे त्या गडाच्या एका सरदाराचे कुटुंब नागपूरहून बांद्याकडे निघाले. बायका, शिपाई, नोकरचाकर मिळून सुमारे साठ माणसे. वाटेत ठग भेटले, सोबती झाले, आणि तो तांडा पोचलाच नाही. कॅप्टन विल्यम स्लीमन याने १८३६ साली छापलेल्या ग्रंथात हा 'साठ जिवांचा मामला' म्हणून नोंदला आहे.

साठ माणसे नाहीशी होतात आणि कोतवालाला पत्ता लागत नाही, हे कसे? फिर्याद द्यायची कोणी? मेलेला माणूस त्या गावचा नसे. घरचे लोक शेदोनशे कोसांवर वाट पाहत. चार महिने गेले तर पावसाने अडला असेल म्हणत, वर्ष गेले की तापाने गेला असेल म्हणत. प्रेत पुरलेले असे. एका संस्थानात मारावे, दुसऱ्यात माल विकावा, तिसऱ्यात राहावे, असा त्यांचा शिरस्ता. कित्येक जमीनदार त्यांच्याकडून वाटा घेत. स्लीमन स्वतः १८२२ ते १८२४ नरसिंहपूरला अधिकारी होता. आपल्याला कळल्यावाचून जिल्ह्यात दरोडा पडणार नाही, अशी त्याची खात्री. कचेरीपासून चारशे वारांच्या आत, कंदेली गावात ठगांची टोळी नांदत होती, हे त्याला मागाहून कळले. हे त्याने स्वतः लिहून ठेवले, एवढे श्रेय त्याला द्यावे लागेल.

तपासाला खरी दिशा मिळाली ती १८३० च्या अखेरीस, फिरंगिया नावाचा जमादार हाती आल्यावर. जीव वाचवण्यासाठी तो माफीचा साक्षीदार झाला. स्लीमनचा तंबू सागरजवळ एका आमराईत होता. त्याच आमराईत फिरंगियाने तीन जागा दाखविल्या. खणले, तेव्हा प्रेते निघाली. ज्या जमिनीवर साहेबाचे बिऱ्हाड होते, तिच्याखाली वाटसरू पुरलेले होते.

मंडळी, येथे जरा थांबावे. फिरंगिया बोलला म्हणून खरे, असे स्लीमनने मानले नाही, जमिनीला विचारले. पुढेही दोन साक्षीदारांचे जबाब वेगवेगळे घ्यायचे, ते ताडून पाहायचे, मग कुदळ घेऊन जागेवर जायचे. घरच्या माणसांकडून मालाची ओळख पटवायची. ठगांच्या वंशावळी मांडायच्या, नकाशे करायचे, संस्थानांच्या हद्दी ओलांडून माणसे धाडायची. १८३१ ते १८३७ या काळात ३,२६६ ठग पकडल्याची आणि त्यांपैकी ४१२ फाशी गेल्याची नोंद आहे.

ठग देवीच्या आज्ञेने गळा आवळीत, ही कथा विलायतेत फार रुचली. अलीकडच्या संशोधकांनी तिच्यावर शंका घेतली आहे. फौजा मोडल्या, शिपायांची चाकरी सुटली. टोळ्यांत अशीही माणसे होती. मी गिरण्या बंद पडताना पाहिल्या आहेत, म्हणून मला देवीपेक्षा पोटाचे कारण लवकर पटते. पण पोट होते म्हणून मारलेल्याचे मरण हलके होत नाही.

असो. कुदळ चालवणे कष्टाचे. १८३६ च्या तिसाव्या कायद्याने ते बरेचसे वाचवले. ठगांच्या टोळीत असल्याचे शाबीत झाले की पुरे. खून कोणता, कधीचा, हे सिद्ध करण्याची गरज उरली नाही. शिक्षा जन्मठेप, सक्तमजुरीसह. कायदा होण्यापूर्वी टोळीत असला तरीही. आणि टोळीत असल्याचे सांगणार कोण? बहुतेक माफीचा साक्षीदारच.

या साक्षीदाराची भीती मला पुस्तकातून लागलेली नाही. आमच्या एका संपाच्या दिवसांत पगाराची थैली नेणाऱ्या कारकुनावर वाटेत हल्ला झाला. गाव सांगत नाही. पकडलेल्या एकाने माफीच्या आशेने आमच्या चौघांची नावे घेतली. त्यांतला एक त्या रात्री तिसऱ्या पाळीला मागावर उभा होता. हजेरीपटात नोंद होती. ती पाहायला कोणी गेले नव्हते. आम्ही गेलो. १८७२ चा पुराव्याचा कायदा साथीदाराच्या साक्षीला दुसरा आधार शोधायला सांगतो, हे मी त्या खटल्यात वकिलाच्या पायरीवर बसून शिकलो. त्या कायद्याची जागा २०२४ साली नव्याने घेतली, पण हे तत्त्व त्यातही आहे.

ठगांच्या कायद्याची पुढची पायरी १८७१ ची. त्या वर्षीच्या कायद्याने जमातीच्या जमाती गुन्हेगार म्हणून पुकारण्याचा अधिकार सरकारने घेतला. मूल जन्मले की संशयित. नाव नोंदवायचे, पोलिसाकडे हजेरी द्यायची, परवान्याशिवाय गाव सोडायचे नाही. आमच्या गड्याला हजेरीने सोडवले, आणि हजारो निरपराध माणसांना हजेरीनेच बांधून ठेवले. ही हजेरी ३१ ऑगस्ट १९५२ रोजी देशभर संपली. सात वर्षांनी, १९५९ साली, मुंबई राज्याने सराईत गुन्हेगारांचा कायदा केला. अमरावती जिल्हा तेव्हा मुंबई राज्यातच होता.