जकात, खजिना आणि राजधानी : मिसर देशाच्या पारतंत्र्याचा क्रम

मिसर देशाचें स्वातंत्र्य केव्हां गेलें, असा प्रश्न केला असतां इ. स. १८८२ हें उत्तर बहुधा मिळतें. त्या वर्षीं ११ जुलै रोजीं इंग्रजी आरमारानें अलेक्झांड्रिया बंदरावर तोफा डागल्या, १३ सप्टेंबर रोजीं तेल-एल-केबीर येथें मिसरी सैन्याचा मोड झाला, आणि लागलीच कैरो शहर इंग्रजांच्या हातीं आलें. लढाईची मिती लक्षांत ठेवण्यास सोपी असते, म्हणून इतिहासग्रंथांत तिला मान मिळतो. परंतु राज्याचा प्राण केवळ राजधानीच्या तटबंदींत नसतो. आमच्या मतें मिसरचें स्वातंत्र्य तीन टप्प्यांनीं गेलें : प्रथम जकात बसविण्याचा अधिकार गेला, नंतर खजिना गेला, आणि राजधानी सर्वांच्या शेवटीं गेली. या तीन घावांपैकीं प्राणघातक कोणता, याचा विचार प्रस्तुत लेखांत करावयाचा आहे.

नेपोलियनच्या फौजेनें १७९८ त व्यापलेला मिसर देश फ्रेंचांनीं १८०१ त सोडला. त्यांस हुसकून लावण्यासाठीं तुर्कस्तानच्या सुलतानानें पाठविलेल्या सैन्यांत महंमद अल्ली नांवाचा एक सरदार होता. देशांतील बेबंदशाहीचा फायदा घेऊन तो १८०५ सालीं मिसरचा सुभेदार झाला, आणि १८११ सालीं कैरोच्या किल्ल्यांत समारंभास बोलाविलेल्या मामलुक सरदारांची त्यानें कत्तल करविली. प्रतिस्पर्धी नाहींसे झाल्यावर जमीन व व्यापार त्यानें आपल्या मुठींत घेतले. शेतकऱ्यानें आपला माल सरकारनें ठरविलेल्या भावानें सरकारासच द्यावा, आणि सरकारनें तो परदेशी व्यापाऱ्यांस चढ्या भावानें विकावा, अशी ही मक्त्याची पद्धति होती. १८२० च्या सुमारास लांब धाग्याच्या कापसाची लागवड सुरू झाल्यावर या मक्त्याचें उत्पन्न फारच वाढलें. त्या पैशांतून सूत कातण्याच्या व कापड विणण्याच्या गिरण्या, तोफा-बंदुकांचे कारखाने, अलेक्झांड्रियाची गोदी व बुलाकचा छापखाना यांची उभारणी झाली. सरकारी भांडवलावर यंत्रोद्योग उभारण्याचा एवढा मोठा प्रयत्न त्या काळीं युरोपाबाहेर विरळाच.

तथापि या प्रयत्नाची स्तुति करितांना त्याचे दोष झांकणें इतिहासकारास शोभणार नाहीं. मिसरांत दगडी कोळसा नव्हता, आणि इमारती लांकूडही नव्हतें. पुष्कळ यंत्रें वाफेऐवजीं बैल जुंपून चालवावीं लागत. मजूर बहुतेक वेठीचे होते. सैन्यभरतीचा धाक तर एवढा होता कीं, ती टाळण्यासाठीं शेतकरी आपलें बोट तोडून घेत, किंवा एक डोळा निकामी करून घेत. अशा कारखान्यांच्या मालास बाजारांतलें गिऱ्हाईक मिळविण्याची चिंता नव्हती; कारण मुख्य गिऱ्हाईक सरकारचें सैन्य हेंच होतें, आणि त्याची संख्या लाखावर गेली होती. सैन्य कारखान्यांवर आणि कारखाने सैन्यावर अवलंबून, आणि दोहोंचा खर्च मक्त्यावर, असा हा तिवईसारखा डोलारा होता.

या तिवईचा पहिला पाय इंग्लंडनें कापला. १६ ऑगस्ट १८३८ रोजीं बाल्टा लिमान येथें इंग्लंड व सुलतान यांचा व्यापारी तह झाला. त्या तहानें सुलतानाच्या सर्व मुलुखांतील मक्ते रद्द ठरले, आणि इंग्रजी मालावरील आयात जकात व अंतर्गत कर मिळून शेंकडा पांच इतकेच ठरले. मिसर कायद्यानें सुलतानाचा सुभा असल्यामुळें हा तह त्यासही लागू होता. महंमद अल्लीनें तो प्रथम मानला नाहीं. उलट २४ जून १८३९ रोजीं नेझीबच्या लढाईंत त्याच्या फौजेनें सुलतानाचें सैन्य धुळीस मिळविलें. परंतु १८४० सालीं इंग्लंड, ऑस्ट्रिया, प्रशिया व रशिया हीं चार राष्ट्रें सुलतानाच्या पाठीशीं उभीं राहिलीं, आणि नोव्हेंबरांत आक्र्याचा किल्ला तोफांखालीं पडला. पुढील वर्षीं सुलतानाच्या फर्मानानें सुभेदारी महंमद अल्लीच्या वंशांत कायम झाली. मात्र सैन्याची मर्यादा १८,००० ठरली. वंशास गादी मिळाली, पण कारखान्यांचें गिऱ्हाईक गेलें. १८४९ सालीं महंमद अल्ली वारला, तेव्हां त्याच्या बहुतेक गिरण्या बंद पडलेल्या होत्या.

येथें एक आक्षेप येण्यासारखा आहे, आणि तो बलवान आहे. जपानवरही परराष्ट्रांनीं असेच तह लादले होते. १८६६ च्या करारानें जपानची आयात जकात शेंकडा पांचवर बांधली गेली, आणि जकातीचें पूर्ण स्वातंत्र्य त्या देशास १९११ पर्यंत मिळालें नाहीं. तरीही त्याच अवधींत जपानांत गिरण्या, आगगाड्या व गोद्या उभ्या राहिल्या. मग जकातीचा अधिकार गेल्यानें मिसर बुडाला, असें कसें म्हणावें ? आमचें उत्तर असें कीं, जपानचा खजिना जपानच्या हातीं राहिला. १८७३ सालीं त्यानें जमीनमहसुलाची नवी व्यवस्था लावली, आणि त्यानंतर वीस वर्षांहून अधिक काळ परदेशांत मोठें कर्ज काढलें नाहीं. जकात गेल्यानें राष्ट्र जायबंदी होतें, खजिना गेल्यानें तें मरतें. मिसरच्या पुढील इतिहासानें ही गोष्ट सिद्ध केली आहे.

सैद पाशानें १८५४ सालीं फर्दिनांद द लेसेप्स यास सुवेझ कालव्याची सनद दिली, आणि १८६२ सालीं सुमारें ३३ लक्ष पौंडांचें कर्ज युरोपांत काढलें. १८६३ त इस्मायल गादीवर आला, तेव्हां अमेरिकेंत यादवी युद्ध चालू होतें. तेथील कापूस बंद झाल्यानें मँचेस्टरच्या गिरण्यांस मिसरच्या व हिंदुस्थानच्या कापसावांचून गत्यंतर उरलें नव्हतें. या तेजीनें मुंबईस शेअरांचें वेड लागलें, आणि १८६५ सालीं युद्ध संपतांच तेथील पेढ्या कोसळल्या. मुंबईंत सट्टेवाले बुडाले. मिसरांत मात्र राज्यच तेजीच्या भरंवशावर कर्जांत उतरलें होतें. कालवे, आगगाड्या, राजवाडे, आणि १७ नोव्हेंबर १८६९ रोजीं झालेला सुवेझ कालव्याच्या उद्घाटनाचा थाट, या सर्वांचा खर्च कर्जांतून झाला. १८७१ सालीं तर सहा वर्षांचा सारा आगाऊ भरणाऱ्यास पुढें कायमचा अर्धा सारा माफ, असा कायदा निघाला. म्हणजे आजची भूक भागविण्यासाठीं उद्यांचें बियाणें दळलें गेलें. १८७५ सालीं खेदीवानें कालव्याचे आपले १,७६,६०२ शेअर इंग्लंडास सुमारें ४० लक्ष पौंडांस विकले. १८७६ च्या मे महिन्यांत एकूण कर्जाचा आंकडा ९ कोटी १० लक्ष पौंड ठरला, आणि सावकारांच्या प्रतिनिधींचें ऋणमंडळ कैरोंत स्थापन झालें. त्याच वर्षाअखेर एक इंग्रज व एक फ्रेंच असे दोन नियंत्रक जमाखर्चावर बसले. १८७९ सालीं इस्मायलनें त्यांच्याविरुद्ध डोकें वर काढतांच युरोपीय राष्ट्रांच्या दडपणाखालीं सुलतानानें त्यास पदच्युत केलें. या सर्व कर्जप्रकरणांत मिसरच्या भूमीवर एकही इंग्रजी पलटण उतरली नव्हती.

अहंमद उराबी ऊर्फ अरबी पाशा याच्या उठावाकडे या दृष्टीनें पाहिलें पाहिजे. उराबी हा शेतकऱ्याच्या घरीं जन्मलेला लष्करी अधिकारी. ९ सप्टेंबर १८८१ रोजीं अबदीन राजवाड्यापुढें पलटणी उभ्या करून त्यानें लोकप्रतिनिधींच्या सभेची मागणी केली. सभा भरली, आणि वाद पेटला तो अंदाजपत्रकावर ! कर्जफेडीचा भाग वगळून उरलेल्या जमाखर्चावर तरी मत देण्याचा अधिकार आम्हांस असावा, एवढेंच प्रतिनिधींचें म्हणणें होतें. नियंत्रकांस व त्यांच्या सरकारांस तेंही असह्य झालें. तेल-एल-केबीरच्या रणांत इंग्रजांच्या बाजूनें हिंदी पलटणीही लढल्या, आणि त्यांच्या खर्चाचा कांहीं भार हिंदुस्थानच्या तिजोरीवर पडला. उराबीस सिंहलद्वीपांत हद्दपार करण्यांत आलें. तो १९०१ सालीं परत आला व १९११ सालीं वारला.

उराबीच्या पाडावानंतर मिसरचा खरा कारभारी ईव्हलिन बेअरिंग, पुढें लॉर्ड क्रोमर, हा झाला. त्यापूर्वीं तो हिंदुस्थान सरकारचा अर्थमंत्री होता, आणि १८८२ सालीं त्याच्याच अमदानींत परदेशी कापडावरील उरलीसुरली आयात जकात हिंदुस्थानांत उठविण्यांत आली होती. १८९६ सालीं हिंदुस्थानांत परदेशी कापडावर शेंकडा साडेतीन जकात ठेवून तितकाच कर येथील गिरण्यांच्या कापडावर बसविला गेला. मुंबईच्या गिरणीमालकांनीं व लोकनेत्यांनीं त्याविरुद्ध केलेला कोलाहल महाराष्ट्रीय वाचकांस परिचित आहेच. १९०१ सालीं हीच युक्ति मिसरांत अवतरली. तेथें परदेशी कापडावर शेंकडा आठ जकात होती. नव्या देशी गिरण्यांच्या मालावरही शेंकडा आठच कर बसला. पक्षपात नको, हें त्याचें समर्थन होतें. परंतु प्रौढ पहिलवान व रांगतें मूल यांस एकच नियम लावणें यास न्याय म्हणतां येत नाहीं.

हिंदुस्थानांतील तो कर १९२५ च्या डिसेंबरांत स्थगित होऊन पुढील वर्षीं रद्द झाला. मिसरांत तलात हर्ब याच्या पुढाकारानें १९२० सालीं मिसर बँक व १९२७ सालीं महल्ला येथील कापड कंपनी निघाली. जकात ठरविण्याचा अधिकार मात्र १९३० सालीं परत आला. म्हणजे बाल्टा लिमानच्या तहानंतर ९२ वर्षांनीं. मध्यंतरीं शेतकऱ्यांच्या तीन पिढ्या परक्या गिरण्यांसाठीं कापूस पिकवीत आणि परक्या सावकारांचें व्याज भरीत होत्या. महंमद अल्लीच्या वेठीखालीं ज्यांनीं आपलीं बोटें तोडून घेतलीं, त्यांच्याच नातवंडांनीं हें व्याज फेडलें. आपल्या राजाचा जुलूम व परक्या सावकाराचा जुलूम यांपैकीं एकाकडे बोट दाखवून दुसऱ्यास मोकळें सोडणें त्यांच्या वंशजांस अन्याय्य होईल. साम्राज्यांचा इतिहास लिहूं इच्छिणाऱ्यांनीं रणांगणांच्या मित्या जरूर नोंदाव्या. मात्र त्याआधींच्या पन्नास वर्षांच्या जकातीचे तक्ते व कर्जरोखे तपासल्यावांचून आपला निर्णय देऊं नये, असें आमचें त्यांस सांगणें आहे.